पाठीवरचा मजकूर

सायकलच्या टीममध्ये सगळ्यात मागे राहणाऱ्याला दोन गोष्टी फुकट मिळतात: पुढच्यांनी उडवलेली धूळ आणि वाचायला मजकूर. आमच्या टीममधली ही जागा गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. तिच्यावर दुसऱ्या कुणी हक्क सांगितलेला नाही आणि मीही ती सोडलेली नाही. पहाटे लातूरहून निघालो की अष्टामोड येईपर्यंत हँडलवरच्या दिव्याच्या उजेडात माझ्या अकरा पाठी वाचून होतात. मजकूर सगळ्यांवर एकच. वरती बियाण्याच्या दुकानाचं नाव, मधोमध 'हाडांचा दवाखाना, चोवीस तास सेवा' आणि खाली, जिथे पाठ संपून दुसरं काही सुरू होतं तिथे, एका मंगल कार्यालयाचं 'भरपूर पार्किंग'. पुढचा गडी चढाला वाकला की 'भरपूर' हा शब्द खरोखरच भरपूर होतो.

जाहिरात देणाऱ्यांना वाटतं, ती हजारो लोक वाचतात. खरं सांगायचं तर नियमित वाचक मी एकटा आहे.

टीमचं नाव इथे देत नाही. लपवण्यासारखं काही नाही, पण हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत ते बदललेलं असेल. ज्याचा शर्ट त्याचं नाव, असा आमचा करार असतो. एका वर्षी आम्ही ठिबक सिंचन होतो, एका वर्षी सळई होतो, आणि दिवाळीचे दोन महिने तर एका फरसाणवाल्याच्या कृपेने 'खुसखुशीत' होतो. त्या दोन महिन्यांत आमचा एक गडी खड्ड्यात पडून त्याचं मनगट मोडलं, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने शर्ट वाचला आणि मान हलवली.

टीमचा जन्म रक्ताच्या रिपोर्टमधून झाला. कुठल्याशा आरोग्य शिबिरात आम्हा पाच जणांची साखर 'बॉर्डरवर' आली. उदगीर, निलंग्याकडची माणसं बॉर्डरला भीत नाहीत, ती तर कर्नाटकात सोयरिकी करतात. पण डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चाललो आठ दिवस. चालताना लातुरात ओळखीचे फार भेटतात, ओळखीचे भेटले की चहा होतो आणि चहात साखर असते. म्हणून सायकल. सायकलवरच्या माणसाला थांबवून चहा पाजायला लोक संकोचतात, असा आमचा अंदाज होता. तो पुढे सपशेल चुकला.

पहिला प्रायोजक प्लॉटिंगवाला होता. त्याला सगळं चौरस फुटात कळायचं. त्याने टेप आणला आणि आम्हाला रांगेत उभं करून मापं घेतली. पाठीचा दर जास्त, कारण ती सपाट. पोटाचा कमी, कारण 'जमीन उंचसखल आहे'. मला वाटलं होतं माझ्या पोटाला क्षेत्रफळाप्रमाणे भाव मिळेल. शेवटी त्याने तिथे 'एन.ए. प्लॉट मिळतील' छापलं आणि वर्षभर माझं पोट अकृषिक झालं. वर्षाअखेर तो म्हणाला, एकही गिऱ्हाईक तुमच्याकडून आलं नाही. आम्ही म्हणालो, शेठ, आम्ही पहाटे साडेचारला निघतो, अंधारात प्लॉट कोण बघतो? मग त्याने तोडगा काढला. आम्ही भर दुपारी गोलाईला फेऱ्या माराव्यात.

ज्यांनी लातूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गंजगोलाई ही आमच्या गावची बेंबी. १९१७ सालच्या आराखड्यातली गोल बाजारपेठ, मधोमध जगदंबेचं देऊळ आणि चारी बाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. सोळा रस्त्यांवरून ज्या ठिकाणी हातगाडे, रिक्षा, शाळेच्या व्हॅन, हळदीची पोती आणि एक तरी म्हैस एकदम येते, तिथे बारा माणसांनी ओळीने सायकल चालवावी ही कल्पना प्लॉट विकणाऱ्यालाच सुचू शकते. पहिल्या फेरीला आम्ही बारा होतो, दुसरीला सात. तिसरी मी एकट्याने पूर्ण केली, कारण मला बाहेर पडायला रस्ताच मिळाला नाही. बाकीचे वेगवेगळ्या रस्त्यांना लागून आपापल्या घरी जेवायला पोचले होते.

मग शिकवणीवाल्यांचं वर्ष आलं. लातूर म्हटलं की पॅटर्न, आणि पॅटर्न म्हटलं की फोटो. आमच्या शर्टावर पुढून-मागून गुणवंत विद्यार्थ्यांचे चोवीस फोटो होते, प्रत्येकाखाली मार्क. मी श्वास आत घेतला की मुलं हुशार दिसायची, सोडला की सुजायची. रस्त्यात बाया थांबवून फीची चौकशी करायच्या. एकदा एक बाई गोलाईत माझ्या डाव्या खिशाकडे टक लावून बघत उभ्या राहिल्या. मी संकोचून बाजूला झालो, तर त्या म्हणाल्या, "थांबा हो जरा. आमचा हाय त्यो. एमबीबीएसला लागल्यापास्नं फोनच करत नाही." त्यांनी पदराने खिशावरची धूळ पुसली. पुढचे सहा महिने तो शर्ट मी जरा जपूनच वापरला.

एका भाऊंनी तर संपूर्ण टीमचा खर्च उचलायची तयारी दाखवली होती. अट एकच: पाठीवर त्यांचा हात जोडलेला फोटो आणि भोवती शुभेच्छुकांची नावं. शुभेच्छुक एकेचाळीस निघाले. पाठी बारा. नावं बसवायची तर अक्षरं मुंगीएवढी होत होती, आणि कुणाचं नाव कुणाच्या वर यावरून बैठक मोडली. बरं झालं. फोटो असलेल्या पाठीमागे शंभर किलोमीटर जायचं म्हणजे शंभर किलोमीटर नमस्कार घेत जायचं. आमदारांना सवय असते, मला नाही.

या सगळ्याची मला एके काळी लाज वाटायची. वाटायचं, युरोपातले ते सडसडीत सायकलस्वार कुठे आणि हाडांचा दवाखाना पाठीवर घेतलेले आम्ही कुठे. मग जरा वाचलं आणि जीव भांड्यात पडला. पूर्वी तिकडे शर्टावर फक्त सायकल आणि टायरच्या कंपन्यांची नावं असायची. पैसा आटला, तेव्हा १९५४ साली फिओरेन्झो मॅन्यी नावाच्या इटालियन पठ्ठ्याने निव्हिया क्रीमचं नाव आणलं. घाटात रक्त ओकणारे गडी आणि छातीवर हातापायाला लावायचं क्रीम! पुढे एडी मर्क्स, ज्याला अजूनही लोक सायकलचा देव मानतात, तो मोल्तेनी या कंपनीसाठी जिंकत राहिला. मोल्तेनीचा धंदा सॉसेजचा. नंतरच्या काळातली एक मातब्बर टीम क्विक-स्टेप, म्हणजे घरात घालायची फरशी. आपल्याकडेच बघा, २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली तिच्या नावाआधी बजाज होतं. ज्यांच्या स्कूटरीमुळे आमच्या वडिलांची सायकल अडगळीत गेली त्यांनीच शेवटी सायकलवर पैसे लावले.

सगळ्यात मोठी गंमत टूर द फ्रान्सची. ती शर्यतच मुळात १९०३ साली 'लोतो' नावाच्या वर्तमानपत्राने खप वाढावा म्हणून काढली. त्या पेपरचा कागद पिवळा, म्हणून १९१९ पासून आघाडीवरच्या गड्याला पिवळा शर्ट. म्हणजे जगातला सगळ्यात मानाचा शर्ट हीसुद्धा जाहिरातच. शर्यत चालवणारे देग्रांज साहेब एकदा या कंपन्यांना इतके वैतागले की १९३० साली त्यांनी कंपन्यांच्या टीमच बंद केल्या आणि देशांच्या टीम उतरवल्या. मग खर्च कोण देणार? तर सायकलींच्या पुढे जाहिरातींच्या गाड्यांची वरात सोडली. १९६२ साली कंपन्या परत आल्या. वरात अजून निघते.

आणि तिथे शेवटच्यालाही मान आहे. त्याला 'लाल कंदील' म्हणतात, रेल्वेच्या शेवटच्या डब्याला असतो तसा. मी हे टीमच्या ग्रुपवर टाकलं. तासाभराने कुणीतरी लिहिलं, "कंदील सोड, ब्रेकचा लाल दिवा लाव आधी."

खरं तर प्रायोजित सायकलिंग आम्हाला युरोपने शिकवायची गरजच नव्हती. लहानपणी गावात सात दिवस सात रात्री सायकल चालवणारा यायचा. शाळेच्या मैदानात गोल आखलेला, मधोमध बांबूवर भोंगा, एक मर्क्युरीचा दिवा, आणि तो गडी त्या गोलात फिरत असायचा. सायकलवरच आंघोळ, सायकलवरच दाढी, सायकलवरच जेवण. खाली ठेवलेली नोट चालत्या सायकलवरून दातांनी उचलायचा. छातीवर ट्यूबलाइट फोडून घ्यायचा. आणि दर पाच मिनिटांनी भोंग्यावरून घोषणा: अमक्या किराणा दुकानाकडून अकरा रुपये, तमक्या टेलरकडून एकवीस रुपये आणि एक शर्टपीस. नोटा टाचणीने त्याच्या शर्टाला लावायचे. सातव्या दिवशी तो इतक्या नोटा घेऊन फिरायचा की शर्टाचा रंग कळायचा नाही. गावातल्या प्रत्येक दुकानाचं नाव भोंग्यावरून सात दिवस घराघरात ऐकू जायचं. मर्क्सच्या कंपनीला असा प्रचार जमला नसता. सातव्या रात्री सायकलवरून उतरताना त्याचे पाय थरथरत आणि गावातल्या बाया त्याला ओवाळत. तो कुठून यायचा आणि कुठे जायचा, आम्ही कधी विचारलं नाही. तो गेला की आठ दिवस आम्ही भाड्याच्या सायकलवर दातांनी चिंचोके उचलायला जायचो आणि तोंड फोडून घ्यायचो.

सायकल तासाने मिळायची. दुकानदार वहीत वेळ लिहायचा आणि बापाचं नाव लिहायचा, मुलाचं नाही. पाय पुरत नसला की दांडीखालून पाय घालून कैची मारायची. आज आमच्या टीममध्ये लाखाची कार्बन सायकल आहे. हा लाख फक्त मला माहीत आहे. मालकाच्या घरी ती बावीस हजारांची आहे. पण त्या तासाच्या सायकलवर जो वेग अंगात यायचा तो काही कार्बनमध्ये येत नाही. सायकल आणि धंदा यांचं नातंही आपल्याकडे जुनंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात उघडलं ते सायकलचंच दुकान, नांगर आणि पंप नंतर आले. दुकान त्यांनी सायकलीपासून सुरू केलं आणि पुढे मोठे झाले. आम्ही मोठे झालो आणि मग सायकलीवर आलो, त्यामुळे दम लागतो.

दम या विषयावरून आठवलं. महाराष्ट्रात सायकल हा डॉक्टरांचा खेळ आहे, हे कुणाच्या लक्षात आलंय का? अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' ही शर्यत जवळपास पाच हजार किलोमीटरची. २०१५ साली ती दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पार करणारे नाशिकचे महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, दोघेही डॉक्टर. २०१७ साली ती एकट्याने पूर्ण करणारे श्रीनिवास गोकुलनाथ, लष्करातले डॉक्टर. त्याच वर्षी नागपूरचे अमित समर्थ, तेही डॉक्टर. आमच्या टीममध्येही दोन डॉक्टर आहेत. ते आम्हाला सायकल चालवायला सांगतात, स्वतः आमच्यापेक्षा जास्त चालवतात आणि आमचे गुडघे दुखले की त्यांच्याकडेच जावं लागतं. या व्यवहारातला प्रायोजक नेमका कोण, हे मला अजून समजलेलं नाही.

आता नांदेडविषयी. लातूर ते नांदेड हा आमचा वर्षातला मोठा दौरा. एकशे चाळीस किलोमीटरच्या आसपास: चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळेगाव, लोहा आणि मग विष्णुपुरीवरून गोदावरीच्या काठाला. तिकडचीही एक टीम आहे. दोन्ही शहरांचं प्रेम महाराष्ट्राला माहीत आहेच. महसूल आयुक्तालय कुणाकडे यावरून २००९ साली जे रण माजलं त्यानंतर लग्नाच्या बोलणीतही लोक आधी तो विषय काढायचे. या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले: तिकडून शंकरराव आणि अशोकराव, इकडून शिवाजीराव निलंगेकर आणि विलासराव. चौघांच्या जिल्ह्यांना जोडणाऱ्या रस्त्यावर मी गेली सहा वर्षं सायकल चालवतो आहे. राजकारणावर मी बोलत नाही. माझ्या कमरेला विचारा.

नांदेडच्या गड्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं. भेटले की पाण्याची बाटली पुढे करतात. "घ्या, घ्या. तुमच्याकडं रेल्वेनं येतंय म्हणे." २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिण्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली जलदूत लातूरला आली, त्याला आता किती वर्षं झाली, पण हा विनोद अजून शिळा झालेला नाही, निदान विष्णुपुरी धरणाच्या काठावर राहणाऱ्यांना तरी तसं वाटतं. त्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीपाशी जमावबंदी होती आमच्याकडे. तेव्हापासून आमचा कुठलाही गडी तीन बाटल्यांशिवाय निघत नाही. नांदेडवाले एका बाटलीत येतात. परतताना रिकामी झालेली ती एक बाटली आमच्याच तिसरीतून भरून घेतात.

भाषेचीही हद्द या रस्त्यावर आहे. लातूरला आम्ही 'जाऊलालो', नांदेडला ते 'जायलो'. माझ्या कानांच्या हिशेबाने हा बदल अहमदपूरच्या पुढे कुठेतरी होतो. पण रस्त्याकडेच्या माणसांचे प्रश्न दोन्हीकडे सारखेच. चाकूरच्या अलीकडे चहाच्या टपरीवर एका आजोबांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खालच्या बाजूला जरा जास्त वेळ, कारण आमच्या चड्ड्यांना आतून गादी शिवलेली असते.

"कुठं निघालाव?"

"नांदेडला जाऊलालोत."

"सायकलीवर? एसटी बंद हाय का?"

"नाही, चालू आहे."

"मंग नवस हाय?"

"नाही, असंच."

त्यांनी माझी पाठ वाचली. "बियाण्याची कंपनी काय देती?"

"शर्ट देते."

आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग टपरीवाल्याला म्हणाले, "ह्यांच्या चहाचं पैसं घेऊ नको. घरी बायकालेकरं असतील बिचाऱ्यांना."

बारा जणांचा चहा झाला, पोहे झाले, एकाने भजी घेतली. हे दर वेळी होतं. आमची वर्षाची जमाखर्चाची वही मीच लिहितो, कारण बँकेत पस्तीस वर्षं तेच केलं. जाहिरातदारांकडून आलेले पैसे एका पानात मावतात. न घेतलेल्या पैशांची नोंद ठेवायची म्हटलं तर चोपडी पुरणार नाही: ढाळे काढून देणारी बाई, ऊस मोडून देणारा ट्रॉलीवाला, अहमदपूरला 'आधी जेवा, मग बोला' म्हणणारा आमच्याच एका गड्याचा मेहुणा. हा मेहुणा नसता तर बालाघाटचे चढ आम्ही कधीच चढलो नसतो. एकदा तर चढलो नाहीच, जेवून तिथेच झोपलो.

गेल्या खेपेला आम्ही डिसेंबरात निघालो होतो आणि माळेगावची यात्रा भरलेली होती. खंडोबाची यात्रा; घोडे, गाढवं, उंट, कुत्री, तमाशाचे फड, सगळं एका माळावर. देवळापाशी कुणीतरी 'येळकोट येळकोट' म्हणत मूठभर भंडारा उधळला आणि बाराही जण एकदम पिवळे झाले. फ्रान्समध्ये हा रंग अंगावर यायला सगळ्यांच्या पुढे असावं लागतं. इथे माझी आणि पहिल्याची मूठ एकच होती.

खाली घोड्यांच्या बाजारात एका व्यापाऱ्याने आमच्या डॉक्टरांची सायकल धरली. चारी बाजूंनी फिरून पाहिली. सीट दाबलं, चाक उचललं, चेन बोटाने ताणली. मला वाटलं आता दात बघतो.

"कितीची?"

डॉक्टरांनी खरी किंमत सांगितली. यात्रेत खोटं बोलू नये म्हणतात.

"एवढ्यात दोन घोडे येतेत." त्याने मान हलवली. "खाती काय?"

"महिन्याला थोडं तेल."

"ते बरंय," तो म्हणाला. "पर पिल्लू देत नाही."

माळेगाव सोडलं आणि लोह्याच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. बाकीचे पुढे गेलेले. शेवटच्या माणसाचा हा एक तोटा, त्याच्या मागे थांबायला कुणी नसतं. पन्नास पावलांवर पत्र्याची टपरी होती, दारात टायर टांगलेला, म्हणजे पंक्चरवाला. ट्रकपासून बैलगाडीच्या डनलपपर्यंत सगळं काढणारा. त्याने ट्यूब बाहेर काढली आणि व्हॉल्व्ह बघून थबकला. हल्लीच्या सायकलींचा व्हॉल्व्ह फ्रेंच असतो, बारीक, वरती एक नाजूक स्क्रू. आपल्या हवेच्या नळीला तो बसत नाही. मी माझा पंप शोधला. तो टीमच्या गाडीत होता आणि गाडी नांदेडात होती.

"ह्ये कुठलं आणलाव हो?" त्याने विचारलं. मी परदेशी तंत्राविषयी चार शब्द सांगितले. त्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, व्हॉल्व्हवरचं प्लॅस्टिकचं टोपण काढलं, ब्लेडने त्याचं शेंडीकडचं टोक उडवलं, उलटं करून परत फिरवलं, आणि त्यावर आपली नळी दाबली. हवा गेली. फ्रान्स आणि लोहा यांच्यात तीन मिनिटांत तह झाला. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की जगभरचे सायकलवाले अडीअडचणीला हीच युक्ती करतात. त्याला कुणी सांगितली होती? "टोपण बघितलं, नळी बघितली," एवढंच त्याचं उत्तर.

पैसे घेईना. "सायकलीचं काय घ्यायचं. ट्रकवाल्याचं घेतो." मी फारच आग्रह केला तेव्हा त्याने माझी पाठ बघितली. बियाणे, हाडं, पार्किंग. हाडं आणि पार्किंग यांच्यामध्ये चार बोटं जागा मोकळी होती.

"इथं माझं लिहू का?"

ट्रकच्या टायरवर नंबर घालायचा जाड मार्कर त्याने काढला आणि माझ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पंक्चर. खाली लोह्याकडून किती अंतर ते. मला गुदगुल्या होत होत्या, त्यामुळे अंतराचा आकडा जरा वाकडा आला. निघालो तेव्हा मला त्या माणसाची कीव आली. बिचाऱ्याने जाहिरात दिली ती नेमकी अशा पाठीवर जिच्या मागे कुणीच नाही.

लोहा ओलांडलं, सोनखेड येत होतं. मागे एक ट्रक केव्हापासून हॉर्न देत होता. मी कडेला सरकलो, तरी तो पुढे जाईना. शेवटी पुढे जाऊन आडवा उभा राहिला. क्लीनर उडी मारून खाली आला. मी मनातल्या मनात जाहिरातदारांची माफी मागितली.

"काका, ते पंक्चरवालं कुठंशी हाय?"

त्यांचं मागचं आतलं चाक बसत चाललं होतं. मी सांगितलं. त्यांनी त्या अरुंद रस्त्यावर भला मोठा ट्रक वळवला आणि गेले. सहा वर्षांत, सगळ्या प्रायोजकांच्या सगळ्या शर्टांत मिळून, जाहिरात वाचून दुकानात गेलेलं हे पहिलं गिऱ्हाईक.

नांदेडला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बाकीचे बारालाच पोचून सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरला बसून उठलेही होते. मी हेल्मेट काढून डोक्याला रुमाल बांधला आणि एकटाच पंगतीत बसलो. वाढणाऱ्या सरदारजींनी डाळ वाढली, पोळी दोन्ही हातांत घ्यायला लावली, आणि पुढे जाताना माझी पाठ वाचून थांबले. "पंक्चर हो गया क्या?" म्हणाले आणि आणखी दोन पोळ्या वाढल्या. बाहेर आलो तर नांदेडची टीम बाटली घेऊन उभी होती. पाण्याचा विनोद झाला. आम्हीही नेहमीसारखे हसलो. परतीला दोन्ही टीमच्या सायकली एकाच टेम्पोत चढल्या, कारण त्यांच्यातले चौघे आमच्याबरोबर लातूरला हुरड्याला येत होते.

घरी शर्ट धुतला. तिसऱ्या धुण्यात पार्किंग गेलं, पाचव्यात हाडांचा दवाखाना उडाला. बियाण्याचं अर्धं नाव राहिलंय. 'पंक्चर' मात्र जसंच्या तसं आहे. बायको म्हणते, त्यात खोटं काय आहे, राहू द्या.

पुढच्या वर्षीच्या शर्टाचं काम आता सुरू झालं आहे. माझ्या पाठीवर 'पंक्चर'च्या खाली साधारण नऊ इंच बाय चार इंच जागा शिल्लक आहे. दर वाजवी. इच्छुकांनी कुठल्याही रविवारी पहाटे साडेचारला गंजगोलाईत यावं. मी सगळ्यांच्या शेवटी येतो, तेवढं थांबावं.